टिनाच्या घरात इन्सुलिन: माझं पहिलं वर्ष

एप्रिल २०२४ पासून मी मधुमेहासाठी, म्हणजे आमच्या भाषेत शुगरसाठी, इन्सुलिन घेते. सुरू करायच्या आधी मोबाईलवर पुष्कळ शोधलं. जे सापडलं ते फ्रीज असलेल्या आणि ठरल्या वेळी ताटावर बसणाऱ्या माणसांसाठी लिहिलेलं होतं. आमचं घर टिनाचं. गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, तालुक्यापासून चौदा किलोमीटर आत. घरात फ्रीज नाही, आणि बाईमाणसाची जेवायची वेळ म्हणजे बाकीच्यांचं आटोपल्यावरची. अशा घरात हे कसं जमवलं ते लिहून ठेवते. मी अंगणवाडी सेविका आहे, डॉक्टर नाही. खाली युनिटांचे जे आकडे येतील ते माझे आहेत. तुमचा डोस तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचा.

शुगर निघाली जानेवारी २०२२ मध्ये, तीही आमच्या आशाताईंचं काम पुढं सरकावं म्हणून. तीस वर्षांवरच्या सगळ्यांचा एक फॉर्म भरतात: वय, तंबाखू, कमरेचा घेर, घरात कोणाला बीपी-शुगर आहे का. बायका कमरेला टेप लावू देत नव्हत्या, म्हणून ताई म्हणाल्या, "आधी तुमचाच भरतो ताई, तुमाले पाहून मंग बाकीच्या येतीन." फॉर्मवर चारच्या वर गुण झाले की तपासणीसाठी आधी बोलावतात. माझे झाले. बोट टोचलं, २८४. उपकेंद्रातून प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवलं. तिथं उपाशीपोटी १७८, जेवणानंतर दोन तासांनी २९०. उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, नाहीतर जेवणानंतर २०० किंवा जास्त म्हणजे मधुमेह, एवढं त्या दिवशी समजलं. तेव्हा वय ४३. मेटफॉर्मिनची गोळी सुरू झाली. पहिले काही दिवस पोट बिघडलं. गोळी जेवणासोबतच घ्यायला लागले तेव्हा थांबलं. पुढं दुसरी गोळी जोडली. दोन वर्षं तशी गेली, त्यात सांगण्यासारखं फार नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये आमचा अंगणवाडीचा संप सुरू झाला. मोर्चे, बैठका, धावपळ. त्याच काळात वजन उतरू लागलं, ६१ किलोचं ५४ झालं. सगळे म्हणाले संपाची दगदग आहे. पण रात्री सारखं लघवीला उठणं, घशाला कोरड आणि पाठीवरचं एक गळू, जे महिना झाला तरी बसेना, हे काही संपानं होत नाही. मार्चमध्ये ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टर मॅडमनी एचबीएवनसी करून आणायला सांगितली. तेव्हा तिथं ती होत नव्हती. खाजगी लॅबमध्ये ४५० रुपये लागले. आकडा आला ११.४. ही तपासणी मागच्या साधारण तीन महिन्यांची शुगर कशी होती ते दाखवते, त्यामुळे आदल्या दिवशी उपाशी राहून तिला फसवता येत नाही. मॅडमनी कागद पाहिला आणि म्हणाल्या, "आता इन्सुलिन सुरू करू."

इथं माझे हातपाय गळाले. माझ्या बाबांना इन्सुलिन लागलं आणि वर्षाच्या आत त्यांचा डावा पाय गुडघ्याखालून कापावा लागला. आमच्या घरात त्या दोन गोष्टी एकामागोमाग घडल्या म्हणून एकमेकींना चिकटून राहिल्या. घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "इंजेक्शन लागलं म्हंजे मानूस कामातून गेला बाई. कायले घेतं तू?" आमचे हे काहीच बोलले नाहीत, त्यांचं ते न बोलणं जास्त लागलं. मग गावभर उपाय सुरू झाले. कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड, आणि एका घरून तर इन्सुलिनच्या झाडाची कुंडीच आली. ती कुंडी अजून आहे, पानं चांगली हिरवीगार आहेत. कोणाचं मन मोडलं नाही, पण त्या पानांवर इन्सुलिन टाळलंही नाही.

गुढीपाडवा ९ एप्रिलला होता. तो झाला आणि मी परत मॅडमकडे गेले, बाबांचं सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "बाबांना पायाला जखम आधी होती की इन्सुलिन आधी?" जखम आधी होती. पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीच्या झाडाचं, खुंट तळव्यात गेलं होतं, दुखत नव्हतं म्हणून कोणी पाहिलंच नाही. शुगर वर्षानुवर्षं वाढलेली, पायाची संवेदना गेलेली, आणि इन्सुलिन आलं ते अगदी शेवटी. मॅडम म्हणाल्या, "इन्सुलिननं पाय गेला नाही. इन्सुलिन उशिरा आलं." गोळ्या बऱ्याचशा स्वादुपिंडाकडून काम करून घेतात, त्याच्यातच दम उरला नसेल तर बाहेरून द्यावं लागतं, एवढं सोपं करून त्यांनी सांगितलं. १५ एप्रिलला सुरू केलं.

पहिली सुई मीच टोचली, सिस्टरच्या देखत. त्यांची अटच होती की घरी जे माणूस देणार त्यानं इथं एकदा देऊन दाखवायचं. मला मिळालेलं इन्सुलिन ३०/७० मिसळीचं (लवकर काम करणारं आणि हळू काम करणारं एकत्र), दुधासारखं गढूळ दिसणारं. बाटली हलवायची नाही, दोन तळहातांत हळू घोळवायची, म्हणजे खाली बसलेलं सारखं मिसळतं. जितके युनिट हवेत तितकी हवा आधी बाटलीत सोडायची, मग औषध ओढायचं. पोटावर बेंबीपासून दोन-तीन बोटं सोडून, किंवा मांडीच्या बाहेरच्या बाजूला. रोज त्याच जागी दिलं तर तिथं गाठ धरते आणि औषध नीट लागत नाही. दुखतं का? मुंगी चावल्याइतकं. लस टोचताना मी इतक्या लेकरांना धरलंय, त्यांच्यापेक्षा जास्त आवाज मीच केला असेन. डोस होता सकाळी १० युनिट, रात्री ६ युनिट, दोन्ही जेवणाच्या अर्धा तास आधी. एक गोळी बंद झाली, मेटफॉर्मिन चालू राहिली.

तिथल्या कागदांचं सांगते. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरचेही पैसे लागत नाहीत. एनसीडीच्या, म्हणजे बीपी-शुगरसारख्या न पसरणाऱ्या आजारांच्या, खोलीत वेगळं रजिस्टर असतं, त्यात नाव चढलं की एक कार्ड मिळतं. ते कार्ड आणि आधार दर महिन्याला न्यायचं, त्यावर शुगर-बीपी लिहितात, त्यावरच औषध मिळतं. आयुष्मानचं कार्ड दाखवून रोजचं औषध मिळेल असं मला वाटत होतं. तसं नाही, ते दवाखान्यात भरती होण्यासाठी आहे. एका बाटलीत ४०० युनिट असतात. रोजचे युनिट धरून भाग घातला की बाटली किती दिवस पुरेल ते कळतं, आणि तेवढ्या बाटल्या मागता येतात. "एकच न्या" म्हणाले तर हाच हिशेब दाखवायचा.

सिरिंज मात्र त्या दिवशी नव्हत्या. बाहेर दुकानात मागितल्या तर नारिंगी टोपीच्या हातात दिल्या. सिस्टरनं सांगितलं होतं, लाल टोपी बघून घ्या, म्हणून मी परत केल्या. हे नीट वाचा. आपल्याकडे मिळणाऱ्या इन्सुलिनच्या बाटल्या बहुतेक ४० युनिटच्या असतात, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. त्यांना लाल टोपीची सिरिंज. नारिंगी टोपी १०० युनिटच्या औषधासाठी. ४० च्या बाटलीतून नारिंगी सिरिंजनं १० च्या रेघेपर्यंत भरलं तर प्रत्यक्षात ४ युनिटच जातात. उलटं केलं, म्हणजे १०० चं औषध लाल सिरिंजनं भरलं, तर अडीच पट जातं, आणि ते जिवावर बेतू शकतं. बाटलीवर आकडा छापलेला असतो. दुकानदार घाईत असला तरी आपण वाचायचा.

आता खरा प्रश्न. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची. उघडलेली घरातल्या हवेत चार आठवडे चालते, पण ती हवा २५ ते ३० अंशांची असली तर. आमच्याकडे एप्रिलच्या शेवटी दुपारी पारा ४३ वर, मे महिन्यात ४५ च्या आसपास, आणि टिनाखाली त्याहून काय असेल ते टिनाखाली राहणाऱ्यांनाच माहीत. प्राथमिक आरोग्य केंद्रात लसींचा खास फ्रीज (आयएलआर) आहे, तिथं ठेवू द्या म्हणून विचारलं. सिस्टरनं नाही म्हटलं आणि ते बरोबरच होतं. त्यात लसीशिवाय दुसरं काही ठेवायचं नाही असा नियम आहे, आम्ही प्रशिक्षणात तोच शिकतो. शेवटी शिल्लक बाटल्या जाऊबाईंच्या फ्रीजमध्ये ठेवल्या, दाराच्या खणात, बर्फाच्या कप्प्यापासून लांब. गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर पहिल्यासारखं दिसलं तरी वापरायचं नाही. लाईन गेली की फ्रीज उघडायचा नाही, हे जाऊबाईंच्या पोरांना पाठ करून द्यावं लागलं.

चालू बाटलीसाठी युक्ती काढली ती सासूबाईंनी, त्याच सासूबाईंनी. त्यांच्या तरुणपणी उन्हाळ्यात लोणी असंच ठेवायच्या. एक मोठं पसरट मडकं घ्यायचं, रंग न दिलेलं, कुंभाराकडून थेट. त्यात तळाला चार बोटं रेती, रेतीवर लहान मडकं, दोन्हींच्या मधल्या जागेतही रेती, आणि ती रेती सकाळ-संध्याकाळ ओली करायची. बाटली प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, डबा लहान मडक्यात, वरून ओलं गोणपाट. जागा अशी की ऊन येणार नाही पण वारा लागेल; आमच्याकडे ती न्हाणीजवळची भिंत निघाली. मुलानं भिंतीवरचा थर्मामीटर आणून आत ठेवला. घरात ३९ असताना आत २७ निघाले. फ्रीजची बरोबरी नाही, पण उघडलेल्या बाटलीला चालतं, मॅडमना विचारून घेतलं. कोरड्या उन्हाळ्यात हे छान चालतं, कारण पाणी झपाट्यानं उडतं आणि मडकं थंड होतं. पावसाळ्यात हवा दमट झाली की तेवढा गारवा येत नाही, पण तेव्हा तितकी गरजही नसते. बाटलीवर उघडल्याची तारीख बॉलपेननं लिहायची. गाठी दिसल्या, किंवा घोळवूनही औषध सारखं गढूळ झालं नाही, तर बाटली बाजूला.

मे महिन्यात दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे डोळ्यांपुढे धूसर दिसू लागलं, हजेरीपटावरची अक्षरं हलायची. घाबरून चष्म्याच्या दुकानात जाणार होते, मॅडमनी थांबवलं. फार वाढलेली शुगर भराभर उतरली की डोळ्यातल्या भिंगाचा आकार बदलतो, काही आठवड्यांत बसतं, आत्ता केलेला नंबर पुढं उपयोगी पडत नाही. तसंच झालं.

दुसरं, पहिल्यांदा शुगर खाली गेली. नात्यातलं लग्न, मुहूर्त ११ चा, आणि दुपारचे अडीच वाजले तरी पंगत बसली नव्हती. सकाळचं मिसळीचं इन्सुलिन दुपारपर्यंत काम करत असतं. उन्हाळ्यातली अडचण अशी की घाम तर सगळ्यांनाच सुटलेला. शुगर उतरल्याचा घाम कोणता आणि मंडपातला कोणता हे कळत नाही. मला ओळखू आलं ते हाताच्या कापण्यावरून आणि उगाच आलेल्या रागावरून. मशीन पिशवीत होतं, ५८ दाखवलं. ७० च्या खाली गेलं की तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, पंधरा मिनिटांनी परत बघायचं, तरी ७० च्या वर आली नाही तर परत तेवढीच. वर आली की काहीतरी खायचं, भाकर, पोळी, केळं, जे मिळेल ते. शुद्ध हरपली असेल तर मात्र तोंडात काही ओतायचं नाही, १०८ ला फोन करायचा. हे मला माहीत होतं. माझ्या शेजारी बसलेल्या कोणालाच माहीत नव्हतं. त्या रात्री घरातल्या सगळ्यांना बसवून सांगितलं. तेव्हापासून कमरेच्या बटव्यात ग्लुकोजची पुडी असते.

पण वर्षातला सगळ्यात कठीण काळ जुलैचा. २८ जूनला लाडकी बहीण योजना जाहीर झाली आणि १ जुलैपासून अंगणवाडीपुढे रांग. आधी शेवटची तारीख १५ जुलै सांगितलेली, त्यामुळे गावातल्या बायकांना वाटलं आज नाही तर कधीच नाही. (नंतर ती ३१ ऑगस्ट झाली, पण ते त्या पहिल्या दिवशी कोणाला ठाऊक?) रेशनकार्ड, आधार, बँकेचं पासबुक, फोटो, एकीचं नाव कार्डावर वेगळं, दुसरीचं खातं आधारला जोडलेलं नाही. सकाळी कागद तपासायचे, आणि गावात नेट मिळायचं ते रात्री दहानंतर, म्हणून रात्री मोबाईलवर भरायचे. फॉर्ममागे ५० रुपये मिळणार होते. इन्सुलिन घेणाऱ्या माणसासाठी याचा अर्थ असा की दुपारचं जेवण कधी तीनला, कधी चारला, आणि रात्रीचं दहाच्या पुढं.

तेव्हा मला पटलं की शुगरमध्ये गोड सोडणं हे सोपं काम आहे. माणूस मनावर दगड ठेवून सोडतो आणि विसरतो. अवघड आहे ती वेळ, कारण बाईची वेळ तिची एकटीची नसते. इन्सुलिन आत गेलं की ते काही रांग संपायची वाट पाहत नाही. मी तीन गोष्टी ठरवल्या. मोबाईलवर दुपारी १ चा गजर, आणि तो बंद करायचा हक्क माझा नाही, मदतनीसताईंचा. गजर झाला की त्या दार ओढून घ्यायच्या आणि सांगायच्या, "बाईले शुगर हाये, वीस मिनिटं बसा." दुसरं, डबा एकदम न खाता थोडा ११ वाजता, बाकीचा १ वाजता. तिसरं, रात्री फॉर्म भरायला बसण्याआधी इन्सुलिन आणि जेवण, उलटं नाही.

पहिल्या दिवशी मला लाज वाटली. सगळ्या गावाला कळणार. कळलंच. पण रांगेतल्या एका आजींनी पदर सावरत विचारलं, "ताई, मलेबी हाये शुगर, म्या कोनाले सांगतलं नाई." त्यांच्यामागून अजून दोघी. आमच्या उपकेंद्रातल्या सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) मॅडम सांगतात की आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या पाहणीप्रमाणे, जी २०२३ मध्ये छापून आली, देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. आकडा ऐकून काही वाटलं नव्हतं. रांगेत तो दिसला. श्रीमंतांचा आजार म्हणतात, आणि इथं निंदणाला जाणाऱ्या बाया उभ्या होत्या.

जुलैअखेर एचबीएवनसी ९.१. डोस वाढून १६ आणि १० झाला.

श्रावण आला तसा घरात वाद आला. सोमवार मी करत आले होते, हरतालिका तर निर्जळी. मॅडमनी स्पष्ट सांगितलं, इन्सुलिन चालू असताना निर्जळी नाही. साबुदाण्याच्या उपासाला लोक हलकं समजतात, पण साबुदाणा म्हणजे बहुतेक निव्वळ पिष्ट. माझ्या मशीननं एका वाटी उसळीनंतर २६८ दाखवले. भगर थोडी बरी वाटली, तीही वाटीभरच, सोबत शेंगदाण्याची आमटी आणि ताक. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. मग हरतालिकेला, ६ सप्टेंबरला, त्यांनीच मूर्तीपुढं बसून सांगितलं, "माय, इचा उपास म्या धरतो." त्यांचं वय ७१. त्यांनाही मी दुपारी फळ खायला लावलं.

पोळ्याला पुरणपोळी खाल्ली, अर्धी, तूप लावून, आणि त्या दिवशी भात घेतला नाही. महालक्ष्म्यांच्या जेवणात सोळा भाज्या असतात, त्याचा मला फायदाच झाला. ताटाचा अर्धा भाग भाज्यांनी भरला की भाताला जागाच कमी उरते. रोजच्या खाण्याचंही असंच केलं. घरात माझ्यासाठी वेगळा स्वयंपाक होणं शक्य नाही आणि मला तो नकोही होता. तोच स्वयंपाक, माझ्या ताटात क्रम वेगळा: आधी भाजी आणि वरण, मग भाकर. ज्वारीची भाकर शुगरला चालते म्हणून लोक तीन-तीन खातात. चालते, पण मोजून. दोन भाकरींनंतर मशीन २३० सांगायचं, एका भाकरीसोबत जास्तीचं तुरीचं वरण आणि अंबाडीची भाजी घेतली की १७० च्या आतबाहेर. गुळाचा चहा हा दुसरा गैरसमज. गूळही साखरच आहे, रंग वेगळा.

ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची सोंगणी चालली होती आणि तालुक्याच्या दवाखान्यात इन्सुलिन संपलं. "वरून आलं नाही," एवढंच उत्तर. पुढच्या आठवड्यात या, मग परत पुढच्या आठवड्यात. बसचं भाडं महिलांना अर्धं आहे म्हणून तेवढं जाणवत नाही, पण एक खेप म्हणजे एक दिवस. शेवटी बाहेरून घेतलं, एक बाटली दीडशेच्या थोडी वर. त्या महिन्याचा खर्च मांडला तो असा: इन्सुलिन दोन बाटल्या ३२० रुपये, सिरिंज, तपासणीच्या पट्ट्या आणि गोळ्या धरून साधारण हजार रुपये. जास्त पैसे पट्ट्यांना जातात, माझी एक पट्टी १८ रुपयांना पडते. म्हणून रोज तपासत नाही. आठवड्यातून दोन दिवस, एकदा उपाशीपोटी आणि एकदा जेवणानंतर दोन तासांनी, आणि अंगात वेगळं वाटलं की लगेच. वहीत तारीख, वेळ, आकडा आणि काय खाल्लं ते लिहिते. मॅडम आता आधी वही मागतात, मग मला विचारतात. आणि एक शिकले: हातात नेहमी पंधरा दिवसांची शिल्लक असायला हवी, शेवटची बाटली फोडायच्या आधी पुढची घरात.

पट्टीवरून आठवलं. डिसेंबरात आमच्या आशाताईंनी एका काकांची शुगर बघितली, ३४० आली, काका हादरले. ते नुकतंच संत्रं सोलून बसले होते. साध्या पाण्यानं हात धुवून, पुसून परत बघितली तर १९२. बोटावर लागलेला रसही मशीन मोजतं. टोचायचं ते बोटाच्या कडेला, मधोमध नाही, म्हणजे दुसऱ्या दिवशी कापूस वेचताना दुखत नाही.

कापूस वेचणीपासून मी पायांचं काटेकोर झाले. शेतात अनवाणी नाही, पऱ्हाट्या उपटल्यावर तर नाहीच. कॅनव्हासचे बंद बूट घेतले, घालायच्या आधी झटकून घेते, आत खडा असला आणि पायाला कळलाच नाही तर? रात्री पाय धुवून बोटांच्या मधली जागा कोरडी करायची, भेगांना तेल, पण बोटांच्या मधे नाही. तळवा स्वतःला दिसत नाही म्हणून लहान आरसा जमिनीवर ठेवून बघते. दवाखान्यात वर्षातून एकदा नायलॉनच्या बारीक धाग्यानं तळव्याची संवेदना बघतात. डोळे मिटून सांगायचं, लागलं की नाही. माझं सगळीकडे लागलं. बाबांच्या वेळी हे कोणी केलं असतं तर, हा विचार आला, नाही असं नाही.

वापरलेल्या सुया कचऱ्यात टाकत नाही. फिनेलची जाड रिकामी बाटली ठेवली आहे, भरली की झाकण घट्ट करून उपकेंद्रात देते. गावात कचरा वेचणारी लेकरं आहेत, अंगणवाडीतलीच.

जानेवारी २०२५ मध्ये डोळ्यांचा पडदा तपासायला यवतमाळला मेडिकल कॉलेजात गेले. तिथं केसपेपरचे पैसे लागले. मोफतचा नियम वेगळ्या खात्याचा आहे, त्यामुळे खिडकीवर भांडू नका. डोळ्यांत औषध घालून बाहुली मोठी करतात, मग तीन-चार तास जवळचं काही दिसत नाही आणि ऊन सहन होत नाही. सोबत माणूस न्या. माझा मुलगा होता, नाहीतर मी बसची पाटीही वाचू शकले नसते. सकाळचं इन्सुलिन घेऊन, डबा सोबत घेऊन गेले. नंबर लागला दुपारी, आणि बाकावरच जेवले. पडद्यावर सुरुवातीचे बारीक बदल आहेत, सध्या उपचार नको, शुगर-बीपी सांभाळा आणि वर्षानं परत या, असं सांगितलं.

मार्चमध्ये एचबीएवनसी ७.३ आली. वजन ५९, त्यातलं काही इन्सुलिनमुळेच वाढलंय असं मॅडम म्हणतात. मूत्रपिंडासाठीची क्रिएटिनिन तपासणी ठीक. लघवीतल्या प्रथिनांची तपासणी तालुक्यात झाली नाही, ती बाहेरून करायची राहिली आहे. उन्हाळा लागताच दुपारी दोनदा ७५ च्या आसपास शुगर आली, म्हणून सकाळचा डोस १४ केला. उष्णतेत इन्सुलिन अंगात लवकर शोषलं जातं, त्यामुळे एप्रिल-मे मध्ये वही जास्त नेमानं लिहा आणि डॉक्टरांना दाखवा, डोस आपल्या मनानं कमी-जास्त करू नका. मडक्यात नवी रेती भरली आहे. जुनी क्षार धरून कडक झाली होती आणि पाणी पीत नव्हती.

शुगर बाबांना होती, मला आहे, म्हणून मॅडमनी माझ्या भावालाही तपासून घ्यायला सांगितलं आहे. तो ४१ वर्षांचा, दिवसभर ट्रॅक्टरवर. मागच्या महिन्यात फोन केला तर म्हणाला, "मले काहीच होत नाई, कायले उगाच बोट फोडू?" राखीला तो येतो तेव्हा सकाळी लवकर निघून उपाशीपोटीच ये, एवढंच त्याला सांगितलं आहे. कशासाठी ते सांगितलेलं नाही.